घडीची सायकल आणि तिचे उपासक

दुसऱ्या महायुद्धात हवाई छत्रीधारी सैनिकांसाठी बर्मिंगहॅमच्या बीएसए या मूळच्या बंदुका घडविणाऱ्या कारखान्याने जी घडीची सायकल निर्माण केली, तिने सैनिकासह आकाशातून उतरून शाबूत राहावे, एवढीच सरकारची माफक अपेक्षा होती; आज तीच सायकल इंग्लंडातील एखाद्या निवृत्त गृहस्थाच्या दिवाणखान्यात अशा कडेकोट बंदोबस्तात उभी असते, की तिच्यावर धूळ बसणे हाही दखलपात्र गुन्हा ठरावा.

नॉटिंगहॅमच्या रॅले कंपनीची ‘ट्वेंटी’ घडी घातल्यावर लहान होते, असे म्हणणे धाडसाचे आहे. ती केवळ निराळ्या आकाराची अडचण होते. तथापि तिचा जीर्णोद्धार आरंभिलेला उपासक तिच्याच सालच्या एका नटासाठी भंगारबाजार पालथे घालतो आणि सायकल सिद्ध झाल्यावर, रंगाला ओरखडा जाईल या धास्तीने, बाजारात मोटारीने जातो.

अँड्र्यू रिची यांनी लंडनमधील आपल्या सदनिकेत कल्पिलेली, सोळा इंची चाकांची ब्रॉम्प्टन मात्र मागचे चाक पोटाखाली घेऊन मेजाखाली खरोखरच मावते, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु तिच्या टायटॅनियमच्या, साडेसात किलोंच्या अवतारापायी हजारो पौंडांचा खजिना रिता करणारा कारकून वाचलेल्या प्रत्येक ग्रॅमचा हिशेब सहकाऱ्यांपुढे रुजू करता करता केकचा दुसरा तुकडा उचलतो, आणि चोरीच्या दहशतीने ती हलकी सायकल शौचालयातही बरोबर नेतो.