माल उतरणार नाही

(धायरीतल्या एका सोसायटीच्या गणेशोत्सवाचा मांडव. रंगमंचावर प्लॅस्टिकची एक खुर्ची, तिच्यावर कागदांनी फुगलेली निळी फाइल. गृहस्थ येतात. वय ६७. अंगात जाड स्वेटर, गळ्यात बोटीच्या केबिनचं कार्ड. घाम पुसतात.)

हसा. स्वेटरला हसा. ही पण हसली. म्हणाली, "अहो, धायरीत गणपतीत स्वेटर?" म्हटलं, अलास्काला जाऊन आलो ते लोकांना कळणार कसं? कपाळावर लिहून घेऊ?

आता मूळ मुद्दा. मी महापालिकेत जकातीला होतो. सातारा रस्त्याच्या नाक्यावर. पुढच्या रांगेतली पोरं विचारतायत, जकात म्हणजे काय? बाळांनो, गावात माल आला की आधी आमच्यापुढे मान खाली घालायचा, ती जकात. १ एप्रिल २०१३ ला पुण्यातली जकात गेली. मला जन्म-मृत्यू दाखल्यांच्या टेबलावर बसवलं. म्हणजे नाकाच तो. फक्त माल वेगळा.

पण नाक्यावर खरी मजा यायची ती पारगमनाची. ट्रक कोल्हापूरचा, चाललाय नाशिकला. पुणे मध्ये येतं, त्याला तो काय करणार? ड्रायव्हर हात जोडून उभा. "साहेब, माल उतरायचा नाय. ह्या बाजूनं आत, त्या बाजूनं भायेर." मी चष्म्यावरून बघायचो. "माल उतरणार नाही कशावरून?" पास घे, पैसे भर, पलीकडच्या नाक्यावर दाखव. गाडीत गूळ असो नाहीतर गणपती. देवाला सुद्धा मी पारगमन पास लावलाय! (मूर्तीकडे बघून कान पकडतात.) ह्यांना नाही, पेणच्या एका टेम्पोला.

त्या ड्रायव्हरांचे तळतळाट मला गेल्या वर्षी लागले.

(मोबाइल कानाला लावतात.)

"हां, बोल रे बाळ्या. क्रूझ? सात रात्री? सिएटलहून निघायचं, अलास्का बघायचा, सिएटलला परत. वा! व्हिसा? अरे, अमेरिकेचा दहा वर्षांचा आहे की आमच्याकडे. सिएटल अमेरिकेत ना? अलास्का पण अमेरिकेतच. १८६७ ला रशियाकडून विकत घेतलाय त्यांनी, ७२ लाख डॉलरला. आपल्याकडे आता तेवढ्यात... बरं, राहू दे. मग अडचण काय? (थांबतात.) व्हिक्टोरिया?"

(फोन बाजूला धरून आत ओरडतात.) "अगं, व्हिक्टोरियाला जायला व्हिसा लागतो म्हणतोय!" आतून ही म्हणते, "डेक्कन क्वीनचा पास चालत नाही का?" तिची व्हिक्टोरिया बोरीबंदरची. ती १९९६ ला छत्रपती शिवाजी टर्मिनस झाली, तरी हिच्या तोंडी व्हीटीच.

ही व्हिक्टोरिया कॅनडातली. शेवटच्या संध्याकाळी बोट तिथे थांबते. किती वेळ? आठ ते बारा. चार तास! अहो, सिंहगड रस्त्यावर पाऊस आणि लग्नाची तिथी एकाच दिवशी आली की धायरी फाटा ते स्वारगेटला लोक एवढा वेळ काढतात. त्यांना कुणी व्हिसा विचारतं?

मी म्हटलं, "बाळ्या, थांबूच नका म्हणावं तिथे. कुणाला जायचंय?" तर म्हणाला, "बाबा, थांबावंच लागतं. कायदा आहे. १८८६ चा."

(खुर्चीवर बसतात. फाइल मांडीवर.)

कायदा म्हटलं की माझ्यातला कारकून ताठ होतो. वाचून काढला सगळा. तर असं आहे. परदेशी बोटीनं अमेरिकेच्या एका बंदरात माणसं चढवायची आणि अमेरिकेच्याच बंदरात उतरवायची, हे चालणार नाही. देशी बोटवाल्यांचं पोट आहे. दंड त्या वेळी माणशी दोन डॉलर. दोन डॉलरला कुणी घाबरेना, म्हणून १८९८ ला केला दोनशे. आता ह्या तीन-तीन हजार माणसांच्या बोटी बांधतात युरोपात, झेंडा लावतात बहामाचा नाहीतर पनामाचा. म्हणजे परदेशी! मग पळवाट काय, तर मध्ये एखाद्या परक्या बंदराला शिवून यायचं. लपाछपीत भिंतीला हात लावून येतात ना, तसं. कॅनडाच्या भिंतीला हात लावायचा, "धप्पा" म्हणायचं, परत यायचं. त्या धप्प्याचा व्हिसा!

१८८६ साली आपल्या आनंदीबाई जोशी अमेरिकेत होत्या. त्याच वर्षी मार्चमध्ये फिलाडेल्फियाला डॉक्टर झाल्या. बाई कलकत्त्याहून बोटीत बसली, नवऱ्याशिवाय, वय अठरा. व्हिसा? व्हिसा नव्हताच तेव्हा! तिला अडवायला आपले लोक पुरेसे होते, सरकार कशाला लागतंय?

आणि ह्या कायद्यातला सगळ्यात सुंदर भाग ऐका. २०२१ ला करोनात कॅनडानं क्रूझना बंदरं बंद ठेवली. आता धप्पा कुठे करायचा? अलास्काचे दुकानदार बोंबलायला लागले. तेव्हा अमेरिकेच्या काँग्रेसनं तात्पुरता कायदा केला, की ह्या बोटी परदेशी फेरी करून आल्या असं समजण्यात यावं. "समजण्यात यावं!" (डोळे मिटतात.) काय भाषा आहे! मला वाटायचं ही आपल्या महापालिकेतच तयार होते.

तर म्हटलं, उतरायचंच नाही. कंपनीला फोन लावायला लावला बाळ्याला. "विचार त्यांना, आई-बाबा केबिनमध्ये कडी लावून बसतील. पत्ते खेळतील. पडदा सुद्धा ओढून घेतील, कॅनडा दिसायला नको." तिकडून उत्तर आलं, उतरा नाहीतर बसा, व्हिसा नसेल तर सिएटललाच बोटीत चढवणार नाही.

(उठतात. हात जोडतात. आवाज ड्रायव्हरचा होतो.) "साहेब, माल उतरायचा नाय..."

(चष्मा नाकावर ओढतात. आवाज स्वतःचा, पंचवीस वर्षांपूर्वीचा.) "कशावरून?"

लागला. तळतळाट लागला.

आणि घरातली गंमत बघा. केबिना शेजारशेजारच्या, जेवणाचं टेबल एक. नातू चार वर्षांचा, जन्मानं अमेरिकन, त्याला काही नको. मुलगा-सून ग्रीन कार्डवाले, त्यांनी कार्ड आणि पासपोर्ट दाखवला की झालं. राहिले कोण? आई-बाप. ज्यांनी त्याला वाढवला, शिकवला, विमानात बसवला, ते दोघे कॅनडाला संशयास्पद! त्यातही, २०२३ ला कॅनडानं १३ देशांच्या लोकांना सूट दिली, अमेरिकेचा व्हिसा असेल तर आमचा नको, नुसती ऑनलाइन मंजुरी घ्या. मी यादी वरून खाली वाचली, खालून वर वाचली. भारत नाही. आणि खाली बारीक अक्षरात, ही सूट विमानानं येणाऱ्यांना. म्हणजे आत घेतलं असतं तरी बोटीवर बाहेरच!

भरला फॉर्म. फी माणशी १०० कॅनेडियन डॉलर. बोटांचे ठसे माणशी ८५. दोघांचे झाले ३७०. चार तासांनी भागा. तासाला साडेब्याण्णव. ही म्हणाली, "तेवढ्यात तुळशीबागेत..." मी म्हटलं, पुढचं बोलू नकोस.

फॉर्ममध्ये कुटुंबाची माहिती. वडिलांचं नाव, जन्मतारीख, सध्याचा पत्ता. सध्याचा! आमचे वडील जाऊन तीस वर्षं झाली. मी लिहिलं, वैकुंठ. बाळ्यानं तिकडून बघितलं, "बाबा, खोडा ते. त्यांनी नकाशावर शोधलं तर नवी पेठेत सापडेल." जन्म-मृत्यूच्या टेबलावर मी लोकांना पिळलं होतं, आजोबांच्या जन्माचा पुरावा आणा म्हणून. (आभाळाकडे बघून) ते पण लागले का रे?

मग ठसे द्यायला व्हिसा केंद्रात. माझे आले. हिचे येईनात. मशीनवर बोट ठेवलं की लाल दिवा. चाळीस वर्षं भाकऱ्या थापल्या, तवे घासले, रेघा राहतात कुठे? तिथली पोरगी भली होती. ओल्या टिशूनं बोटं पुसली, पुन्हा दाबली, पुन्हा लाल. ही तिला म्हणते, "अगं, ह्या बोटांचा स्वैपाक खाल्लेला एक जण समोर उभा आहे, त्याला विचार ना मी कोण ते." पाचव्या खेपेला हिरवा लागला. आणि तिथल्या सगळ्या रांगेनं टाळ्या वाजवल्या हो!

सहा आठवड्यांनी व्हिसा आला. अख्ख्या पानाचा, फोटोसकट. धारेश्वराला नारळ फोडला.

आता अलास्काचं सगळं सांगत बसत नाही. बर्फ फार आहे. केचिकन म्हणून गाव आहे, तिथे वर्षाला साडेतीन मीटरच्या वर पाऊस पडतो. ही तिथे रेलिंगला धरून उभी, पावसाकडे बघतेय. म्हटलं, काय झालं? म्हणाली, "आपल्या सोसायटीची टाकी इथे ठेवता आली असती तर."

पण स्कॅगवे सांगितलंच पाहिजे. तिथे जुनी रेल्वे आहे, १८९८ ला सोनं शोधणाऱ्यांसाठी बांधायला घेतलेली. डोंगर चढून व्हाइट पासला जाते. वर ओळीनं झेंडे. गार्ड म्हणाला, ही अमेरिकेची हद्द, आणि आता आपण कॅनडात! मी फाइल उघडली. पासपोर्ट काढला. व्हिसाचं पान काढलं. बोट घालून बसलो. गाडी कॅनडात शिरली, परत निघाली. कुणी आलंच नाही! मी गार्डला म्हटलं, "चेकिंग?" तो म्हणाला, तुम्ही खाली उतरत नाही ना, मग नको. (किंचाळून) माल उतरणार नाही, हे ह्याला कळतं!

शेवटची संध्याकाळ. व्हिक्टोरिया. रात्रीचे आठ आणि लख्ख ऊन. ही म्हणाली, पाय दुखतायत, मी नाही येत. म्हटलं, साडेब्याण्णव डॉलर तास चाललाय, ऊठ! उतरलो. फाइल छातीशी. समोर गणवेशातला तरुण. मी केबिनचं कार्ड दाखवलं. त्यानं हात हलवला, जा. मी थांबलो. पासपोर्ट उघडून पुढे केला. तो हसला, "वेलकम, सर." मी म्हटलं, "अरे, बघ तरी! चार महिने लागलेत. हिची बोटं पाच वेळा दाबलीत." शिक्का सुद्धा नाही. मागे रांग थांबलेली. मी त्याच्या नजरेला नजर देऊन उभा. नाक्यावर इतकी वर्षं काढली, पण एकाही ट्रकनं कधी असा हट्ट केला नव्हता, की साहेब, तपासा.

तेवढ्यात खिशात मोबाइल थरथरला.

(मोबाइल काढतात. चष्मा लावतात.)

आपल्या सोसायटीचं गेटचं ॲप. मी सेक्रेटरी ना. तिकडे धायरीत सकाळचे साडेआठ. जुलै महिना, खडकवासला भरलेलं, मुठेला पाणी सोडलेलं, आणि आपल्या गेटवर टँकर उभा. खाली दोन बटणं. आत सोडा. परत पाठवा. वॉचमनचा फोन पण आला. "साहेब, टँकर आलाय, काय करू?"

(ताठ उभे राहतात. एक पाय पुढे टाकतात, कॅनडात. मान वर. चष्म्यावरून बघत, सावकाश.)

"माल उतरणार आहे का?"

(कान देऊन ऐकतात. चेहरा फुलतो.)

"सगळा? सोड त्याला आत!"

(बटण दाबतात. अंधार.)