मॅग्नेटमामा

परभणीहून गंगाखेडकडे निघालं की वाटेत पोखर्णी लागते. गाव नृसिंहाचं. रेल्वेनंसुद्धा स्टेशनच्या पाटीवर देवाला सोबत घेतलंय : पोखर्णी नृसिंह. कितीतरी घरांचं हे कुलदैवत, त्यामुळे शनिवारी आणि वैशाखातल्या नृसिंह जयंतीला इकडे दुचाक्यांची रीघ लागते. एका गाडीवर नवरा, बायको, मधे एक लेकरू, टाकीवर दुसरं आणि हँडलला नारळाची पिशवी. एवढ्या गाड्या म्हटल्यावर त्यातल्या काही बंद पडणारच. आणि गाडी बंद पडली की फाट्यावरच्या हॉटेलातून मॅग्नेटमामा उठणार.

मामा मिस्त्री नाही, हे आधीच सांगून ठेवतो. मिस्त्री फाट्यावर वेगळा आहे. तो पैसे घेतो आणि गाडी चालू करून देतो. मामा पैसे घेत नाही, पण गाडी का बंद पडली हे कळल्याशिवाय ती चालूही होऊ देत नाही. मामाला पाच एकर कोरडवाहू आहे. त्यात कापूस, सोयाबीन, जे उगवेल ते. ते सांभाळायला पोरं आहेत आणि मामाला सांभाळायला हॉटेल आहे. बंडीच्या खिशात प्लगपाना, पालीश पेपरचा तुकडा आणि एक जुनं पोस्टकार्ड. पोस्टकार्ड कुणाचं पत्र म्हणून नाही, त्याची जाडी पॉईंटच्या फटीत बरोबर बसते म्हणून.

"काय झालं ओ पाव्हणं?"

"किक मारायलोय, चालू होईना गेली."

"करंट येतंय का बघितलाव का?"

बघितलेलं नसतंच. पाव्हण्यानं आतापर्यंत फक्त किक मारलेल्या असतात, आणि त्याच्या बायकोनं उन्हात उभं राहून शांतपणे विचारलेलं असतं, "पेट्रोल आहे का बघा आधी." हा प्रश्न मामाला आवडत नाही. पेट्रोल संपणं हा त्याच्या लेखी बिघाडच नाही. ती पैशांची अडचण, तिच्यात त्याला रस नाही. तो ताईंकडे सहानुभूतीनं बघतो आणि प्लग काढतो.

प्लग काढून वायरच्या टोपीत बसवायचा, इंजिनाला टेकवायचा, किक मारायची आणि ठिणगी बघायची, ही सगळ्या जगाची रीत. भर दुपारी परभणीच्या उन्हात ठिणगी दिसत नाही, म्हणून मामाची रीत निराळी. तो टोपी प्लगवरून काढतो, वायर पाव्हण्याच्या हातात देतो, "जरा धरा बरं" म्हणतो आणि स्वतः किक मारतो. पाव्हणा वीतभर उडतो. मामा समाधानानं मान हलवतो : "हाय. करंट हाय." त्या वायरीत काही हजार व्होल्ट असतात. करंट अगदी थोडा असतो म्हणून पाव्हणा मरत नाही, पण त्या आठवड्यात तो पुन्हा मामाला मदतही करत नाही.

मामाचा सुवर्णकाळ लुना, राजदूत आणि एम-८० चा. लुना १९७२ साली आली तेव्हा मामाचं लग्नही झालं नव्हतं. पुढं सासऱ्यानं लग्नात सायकल देऊ केली, तर यानं जुनी लुना मागितली. बंद असली तर उत्तम, असंही वर सांगितलं म्हणे. लुनासारख्या गाड्यांना ठिणगीसाठी बॅटरीची गरज नव्हती. इंजिनाच्या चाकात लोहचुंबक, चाक कॉइलभोवती फिरणार, कॉइलमध्ये करंट तयार होणार. मायकेल फॅरडेनं १८३१ मध्ये लंडनमध्ये हेच सिद्ध केलं. मामाला फॅरडे ठाऊक नाही, पण तत्त्व फॅरडेपेक्षा सोपं करून सांगता येतं : "करंट वाहायला लागला तर काय उपयोग नाही. वाहता वाहता तोडला की मग उसळतो. तोडायचं काम पॉईंटचं." पॉईंट उघडले की आतली कॉइल बाहेरच्या कॉइलला धक्का देते, आणि प्लगच्या टोकाशी जेमतेम अर्ध्या-पाऊण मिलिमीटरच्या फटीत ठिणगी उडी मारते. फट जास्त झाली तर उडी पोचत नाही. पॉईंट काळे पडले तर करंट नीट वाहतच नाही. कंडेन्सर गेला तर पॉईंटच जळून जातात. मामाला या तिन्ही आजारांचे वास ओळखता येतात. निदान तो हुंगतो तरी.

परभणीकरांचं एक ब्रीद आहे, "जगात जर्मनी, भारतात परभणी." का, ते कुणी विचारत नाही. मामाकडे मात्र पुरावा आहे. प्लग मायकोचा, मायको बॉशची, आणि बॉश जर्मनीची. आता हे खरंच आहे. बंगळूरला १९५१ मध्ये निघालेली मायको बॉशचीच, आणि स्टुटगार्टच्या रॉबर्ट बॉशनं १८९७ मध्ये एका तीनचाकीवर मॅग्नेटो बसवून दाखवला, तिथून त्याचं नाव झालं. मामा एवढ्या तपशिलात जात नाही. "ठिणगी जर्मनीत पडली आणि आवाज परभणीत आला," एवढं सांगून तो ब्रीद सिद्ध झाल्याचं जाहीर करतो. प्लगचं खोकं दाखवलं की त्याचा एकच प्रश्न : ओरिजनल का डुप्लिकेट? माणसांबद्दलही तो हेच विचारतो.

मग सीडीआय आला, आणि मामाच्या संसारात सवत आली. पॉईंट गेले, कंडेन्सर गेला, त्यांच्या जागी काळी डबी. तिला घासायला काही नाही, फट नाही, पोस्टकार्ड घालायला जागा नाही. गेली तर नवी टाकायची. "नवी टाका" हे दोन शब्द मामाला शिवीगत लागतात. बिघाड शोधायचा असतो, बदलायचा नसतो, ही त्याची श्रद्धा. एकदा त्यानं अशीच एक मेलेली डबी आरीनं कापली. आत सगळं काळं, कडक. भाग दिसू नयेत, हलू नयेत, ओल लागू नये म्हणून ओतून गोठवलेलं. तो ती कापलेली डबी महिनाभर हॉटेलात येईल त्याला दाखवत होता : "बघा. डांबर ओतलंय. लपवायला काही नसतं तर ओतलं असतं का?"

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ च्या गाड्या आल्या आणि मामाचं आणखी अवघड झालं. बहुतेक गाड्यांचा कार्बुरेटर गेला, बऱ्याचशा गाड्यांची किकही गेली. आता मीटरवर पिवळा दिवा लागतो आणि शोरूमचा पोरगा मशीन जोडून कोड वाचतो. "गाडी आजारी, आणि हा तिचं तोंडसुद्धा बघंना, नुसतं रिपोर्ट वाचतोय," मामा म्हणतो. डॉक्टरांबद्दल परभणीत लोक हेच म्हणतात, हे मी त्याला सांगितलं नाही.

डिझेलचा विषय त्याच्यासमोर काढू नये. शेतावरचं डिझेल इंजिन हवा दाबून तापवतं आणि त्यात डिझेल पेटतं. प्लग नाही, ठिणगी नाही. मामाच्या मते हे इंजिनच नव्हे. पेट्रोलवर सुरू होऊन रॉकेलवर चालणारे जुने पंप मात्र त्याला मान्य होते.

आता मुख्य हकीकत. पोखर्णीच्या फाट्यावर होडी यायचं काही कारण नाही. होडी चालावी इतकं पाणी गंगाखेडला, गोदावरीत. तेही बंधारा भरलेला असेल तर. पण पावसाळ्याआधी पुरासाठीच्या रबरी बोटी आणि त्यांची इंजिनं तपासायची पद्धत आहे. एका वर्षी मेमध्ये अशीच एक बोट टेम्पोत घालून काही माणसं गंगाखेडकडे निघाली होती आणि चहाला फाट्यावर थांबली. कुठल्या खात्याची, ते विचारू नका. सांगितलं तर मलाच पोहावं लागेल.

मामानं टेम्पोत डोकावून पाहिलं. बोटीच्या मागं टांगायचं इंजिन, टू-स्ट्रोक, दोन सिलिंडरचं.

"चालू हाय का?"

"चालू असतं तर हसत नसतो का, काका," त्यातला एक वैतागून म्हणाला. प्लग नवे घातले. तरी नाही. मग सीडीआयची नवी डबी मागवली, बसवली. तरी नाही. आता कुणीतरी गंगाखेडला येऊन वरचं चाक काढून आतल्या दोन्ही कॉइली बदलणार होता.

'बदलणार' ऐकून मामाचा चहा अर्धा राहिला.

बोटीला असं इंजिन टांगायची युक्ती अमेरिकेत मिल्वॉकीच्या ओल एव्हिनरूडनं १९०९ च्या सुमारास बाजारात रुजवली. होणाऱ्या बायकोसाठी तळ्यापलीकडून वल्हवत आइस्क्रीम आणताना ते वितळलं, तेव्हा त्याला ही कल्पना सुचली, अशी दंतकथा आहे. खरीखोटी देव जाणे. पण बायकोच्या फर्माइशीतून इंजिन निघतं, हे परभणीत कुणालाही पटेल. मामाला मी ही गोष्ट सांगितली. त्यानं विचारलं, "त्याला पॉईंट होते का?"

मामानं मांडी घातली आणि तपास सुरू केला.

"करंट एका प्लगला नाही का दोन्हीला?"

"दोन्हीला."

"आधी एकाचा गेला, मग दुसऱ्याचा?"

"नाही, एकदमच."

"मग कॉइल नाही. दोन म्हाताऱ्या एकाच दिवशी मरत नाहीत. मरल्या तर पाणी एकाच विहिरीचं. दोघींचं मिळून असं काय हाय यात?"

टेम्पोवाले एकमेकांकडे बघू लागले. या इंजिनात दोघींच्या मिळून दोनच गोष्टी होत्या : ती काळी डबी, जी नवी होती; आणि इंजिन बंद करायची वायर. जुन्या टू-स्ट्रोक गाडीची चावी फिरवून आपण ती बंद करतो, म्हणजे मॅग्नेटचा करंट प्लगकडे न जाऊ देता बॉडीत उतरवून टाकतो, बस. ती वायर उपसली की गाडी बिनचावीची चालते. ही विद्या चोरांनाही येते, आणि मामा कबूल करतो की काही बाबतींत ते त्याच्यापेक्षा हुशार आहेत. बोटीत तशीच सोय असते. वर एक लाल गुंडाळीची दोरी, एक टोक चालवणाऱ्याच्या मनगटाला, दुसऱ्या टोकाला चिमटा, तो बटणाखाली अडकवायचा. चिमटा निघाला की इंजिन बंद.

चिमटा जागेवर होता. मामानं बटणामागची वायर सोडवली आणि म्हणाला, "वढा दोरी."

पण हे इंजिन कोरडं चालवता येत नाही. खालच्या पंपात रबराची पंखी असते, ती पाणी ओढून इंजिन थंड ठेवते. पाण्याशिवाय चालवलं तर ती पंखीच जळते. म्हणून ड्रम हवा. फाट्यावर ड्रम एकच, हॉटेलचा, आणि त्यात सकाळीच टँकरनं टाकलेलं पाणी. मे महिना, पारा चाळिशीपार, नळाला पाणी आठवड्यातून केव्हातरी. पुराची बोट दुष्काळाचं पाणी पिणार होती. हॉटेलवाला नको-नको म्हणेपर्यंत चौघांनी इंजिन ड्रमच्या काठावर टांगलंही.

तिसऱ्या ओढीला ते पेटलं. निळा धूर, ड्रममध्ये उकळ्या, आणि मागच्या भोकातून पाण्याची बारीक धार. पंप चालू असल्याची ती खूण. पण भोवतीच्या पोरांना तिच्यात वेगळंच दिसलं आणि त्यांनी लोळण घेतली. मामा मात्र इंजिनाकडे बघतच नव्हता. तो नव्या डबीकडे बघत होता. "ही उगीच बदलली," तो मोठ्यानं ओरडला, कारण त्या आवाजात हळू बोलून चालत नव्हतं, आणि ही गोष्ट हळू बोलायचीही नव्हती.

मग लक्षात आलं की इंजिन बंद होत नाही. होणार कसं? बंद करायची वायरच मामाच्या हातात. एकानं चिमटा ओढला, काही नाही. एकानं पेट्रोलची नळी उपसली. कार्बुरेटरमधलं संपेपर्यंत ते चालूच. हॉटेलवाला आपल्या पाण्याकडे बघून आईबाप काढत होता. शेवटी मामानंच चोक गच्च ओढला, इंजिन ओव्हर झालं, गुदमरलं, थांबलं.

बटण खोललं तर आत हिरवा गंज. वर्षभर ओल धरून बसलेला. चिमटा असो-नसो, करंट बॉडीतच उतरत होता. पालीश पेपर निघाला. दहा मिनिटांचं काम.

"राहू द्या हो काका, वायर तशीच सुटी ठेवू. चोकनं बंद करता येतंय की," टेम्पोवाला म्हणाला.

"ही दोरी कशाला असते?"

"चालवणारा पाण्यात पडला तर चिमटा निघतो, इंजिन बंद होतं. नाहीतर बोट रिकामीच गरागरा फिरते. पडलेल्याच्या अंगावरसुद्धा येते."

मामानं वायर स्वतः जोडली, दोनदा ओढून बघितली, चिमटा काढून इंजिन बंद पडतं की नाही तेही बघितलं. त्यासाठी ते पुन्हा चालू करावं लागलं, आणि ड्रममधल्या पाण्यावर तेलाचा दुसरा थर आला.

जुनी काळी डबी टेम्पोत पडली होती. चांगली होती, पण रजिस्टरात 'निकामी' अशी तिची नोंद झाली होती, सहीसुद्धा. तिला परत जागेवर बसवायचं तर निकामीची कामी कुणी करायची, यावर टेम्पोवाल्यांची चर्चा झाली आणि ते निघून गेले. मामानं डबी मागून पाहिली, मिळाली नाही.

राहिला तो ड्रम. हॉटेलवाल्यानं वहीत मामाच्या नावावर, सहा चहा आणि एक प्लेट भजी यांच्या खाली, 'पाणी, ड्रम १' असं लिहिलं. मामाला हे मान्य नाही. उधारी अजून तशीच आहे आणि विषय निघाला की त्याचं म्हणणंही तेच आहे : "पाणी बदलायची काय गरज व्हती? तेल वर तरंगतंय. वरचं वरचं काढून टाकायचं. खालचं पाणी ओरिजनल हाय."