सातव्या तारबाईंना एका बेसवाल्याचे अनावृत पत्र

प्रति,
माननीय सातवी तार,
मुक्काम : गिटारची मान, सर्वात जाड जागा.

विषय : आमच्या हद्दीतील आपल्या वास्तव्याबाबत.

तारबाई, स. न. वि. वि.

पत्रास कारण की, आमच्या बँडच्या गिटारवाल्याने सहा तारांची गिटार विकून तुम्हाला घरी आणले. तेव्हापासून तालमीच्या खोलीत दुसरा विषय नाही. तुमची जाडी किती, तुमचा आवाज पोटात कसा बसतो, तुमच्यावाचून आम्ही इतके दिवस मेटलच्या नावाखाली नेमके काय वाजवत होतो, यावर चर्चासत्रे झडतात. मी बेस वाजवतो, त्यामुळे मला कुणी काही विचारत नाही. म्हणून हे जाहीर पत्र.

प्रथम तुमच्या खानदानाला मुजरा. तुम्ही मुळात मेटलच्या नव्हेतच. एकोणिसाव्या शतकात रशियात सात तारांची गिटार चांगलीच रुळलेली होती. १९३० च्या दशकात अमेरिकेत जॉर्ज व्हॅन एप्स या जॅझ गिटारवादकाने एपिफोन कंपनीकडून सात तारांची गिटार करून घेतली. चाल, सोबत आणि खालचा बेस, सगळे त्याला एकट्यालाच वाजवायचे होते. बेसवाल्याचे मानधन वाचवायची कल्पना तेव्हापासूनची दिसते. पुढे स्टीव्ह वायसाठी आयबानेझने १९९० मध्ये ‘युनिव्हर्स’ बाजारात आणली. इतक्या चांगल्या घरातल्या तुम्ही. पण १९९४ मध्ये कॅलिफोर्नियाच्या कॉर्न या बँडचा पहिला अल्बम आला आणि तुम्हाला जी संगत लागली ती आजतागायत सुटलेली नाही.

आता हद्दीचे बोलू. गिटारची नेहमीची जाड ई तार सेकंदाला ८२ वेळा कंप पावते, तुम्ही बी स्वरात ६२ वेळा. हाच स्वर माझ्या बेसवर ए तारेच्या दुसऱ्या पट्टीत येतो. म्हणजे तुम्ही माझ्या ओसरीवर पथारी टाकलीत. कॉर्नने तुम्हाला ए पर्यंत, ५५ वर उतरवले. तो तर माझ्या मोकळ्या ए तारेचाच स्वर. पाहुणे थेट माजघरात! मग बेसवाल्याने जायचे कुठे? जादा तार बसवून ३१ वर. माणसाचा कान साधारण वीसच्या खाली ऐकतच नाही. आणखी थोडे ढकललेत तर माझे वादन फक्त वेधशाळेत नोंदले जाईल.

बरे, एवढे करून पदरात काय पडते? गाणे मिक्स करणारा बसला की गिटारचा ८० ते १०० हर्ट्झच्या खालचा भाग बहुतेकदा छाटून टाकतो, कारण तिथे किक ड्रम आणि बेस यांना जागा हवी असते. तुमचा मूळ स्वर ६२. म्हणजे ज्या खोलीसाठी तुम्हाला आणले, तिच्यावरच पहिली कात्री चालते. उरलेल्या वरच्या स्वरांशांवरून कान मूळ स्वर आपला आपण जुळवून घेतो आणि पोटात जो दणका बसतो तो मी देतो. श्रेय तुमचे, हमाली माझी.

वजन तारांच्या संख्येवर असते, तर बर्मिंगहॅमच्या टोनी आयोमीचे काही खरे नव्हते. सतराव्या वर्षी पत्र्याच्या कारखान्यात त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके गेली. गडी डावखुरा, म्हणजे पट्ट्या दाबायचा हात नेमका हाच. त्याने प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणे केली, हलक्या तारा लावल्या आणि १९७१ च्या ‘मास्टर ऑफ रिअ‍ॅलिटी’तल्या काही गाण्यांसाठी गिटार दीड स्वर खाली उतरवली. तारा सहाच, धड बोटे त्याहून कमी, आणि त्याच्या ब्लॅक सॅबथपासून मेटलचे अख्खे घराणे सुरू झाले. लिव्हरपूलच्या कार्कसने तर १९९३ चा ‘हार्टवर्क’ सगळी गिटार बी पर्यंत उतरवून वाजवला. तुमचा स्वर त्यांना तुमच्याविनाच मिळाला.

आमचा गिटारवाला यावर म्हणतो, तसे उतरवले की वरचे बारीक स्वर हातचे जातात. सातव्या तारेने खालचे मिळते आणि वरचे राहते. मुद्दा बिनतोड आहे. ड्रीम थिएटरच्या जॉन पेट्रुचीने १९९४ च्या ‘अवेक’मध्ये तुम्हाला घेतले ते याच हिशेबाने : खाली रिफ, वर सोलो, सातही तारांना काम. असे स्थळ मिळाले तर तुम्ही खुशाल नांदा.

पण आमच्याकडचा संसारही पाहा. गिटारवाल्याची टॅबची वही माझ्यासमोर आहे. सात आडव्या रेघा, प्रत्येक तारेची एक; शून्य म्हणजे तार मोकळी. सगळ्यात खालच्या रेघेवर शून्य, शून्य, शून्य, एक, शून्य. पान उलटले की पुन्हा शून्य. वरच्या सहा रेघा कोऱ्या करकरीत. तेव्हा सातवी तार कशाला, हा प्रश्नच चुकीचा. बाकीच्या सहा कशाला, असे विचारायला हवे. सेपुल्टुराच्या मॅक्स कॅव्हेलेराने बारीक दोन तारा काढूनच टाकल्या आणि चारांवर रिफ वाजवले. हिशेब तरी चोख!

शिवाय ते शून्य तरी सुरात असावे! साडेपंचवीस इंची लांबीवर तुम्ही जरा सैलच. गडी त्वेषाने पिक मारतो, ट्यूनरचा काटा उजवीकडे उडतो, मग सावकाश मध्यावर येऊ लागतो; तो पोचायच्या आत पुढचे शून्य हजर. तोच ताण राखून ई वरून बी वर यायचे तर तारेचे वजन पावणेदोन पटीहून जास्त लागते. नाहीतर लांब मानेची गिटार तरी हवी. हे दुकानात कुणी सांगत नाही आणि आमचा गडी विचारत नाही.

तरीही तुम्हाला हुसकावण्याचा माझा इरादा नाही. अटी एवढ्याच :

१. प्रत्येक रिफ आधी सहा तारांवर, डिस्टॉर्शन बंद करून वाजवून दाखवावा. तिथे तो उभा राहिला, तरच तुम्हाला बोलावणे.

२. एका ओळीत आठांहून अधिक शून्ये आल्यास निम्मी बेसवाल्याच्या नावे करावीत.

३. ‘बेस ऐकूच येत नाही’ म्हणणाऱ्याने आधी स्वतःच्या अ‍ॅम्पवरचे बासचे बटण पाहावे.

कळावे, लोभ असावा.

आपला तळमजल्यावरचा शेजारी,
एक बेसवाला

ता. क. : तुमच्या धाकट्या जाऊबाई, म्हणजे आठवी तार, वाटेवर असल्याचे कळते. त्यांचा स्वर ४६, माझी ई ४१. मध्ये अंतर एका स्वराचे. स्वीडनच्या मेशुगाबद्दल माझी तक्रार नाही, तालाचा असा हिशेब मांडणाऱ्यांना आठ तारा शोभतात. धास्ती आहे ती आमच्या गिटारवाल्याची. मी त्याला म्हटले, ‘बाबा रे, माझा बेसच घे. तारा चारच आहेत, पण तुला जायचेय तिथे त्या आधीच पोचल्यात.’ तो म्हणाला, ‘छे! बेस कोण वाजवणार?’