आधी आवळा

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी तामशाजवळच्या बारालिंगाला भाजी-भाकरीची पंगत असते. यंदा आपल्या गाडीनंच जायचं, असं मी हदगावात गल्लीभर सांगून ठेवलं, तिथंच फसलो. आमची मारुती ८००. इंजिन ७९६ सीसीचं, आवाज मात्र मळणीयंत्राचा. मॅनिफोल्डचं पॅकिंग उडालेलं. चार नट काढायचे, पॅकिंग बदलायचं, त्यात काय एवढं? बारा नंबरचा पाना घेऊन मी वाकलो.

पहिला नट निघाला. दुसरा ढिम्म. मग पान्याला हापशाचा पाईप जोडला. दांडा लांब तर जोर जास्त, हे मी शाळेत जन्मभर शिकवलं. स्टड माझ्या वर्गात नव्हता. कट्‌ असा आवाज आला, नट सुटला! हात वर करून बघतो, तर नटाच्या पोटात अर्धा स्टड. उरलेला अर्धा हेडातच.

गल्ली जमली. एकानं रॉकेल सांगितलं, दुसऱ्यानं कोकाकोला. एका सोयाबीनवाल्यानं तर तांबेऱ्याचं निदान करून फवारणीचं औषधही सुचवलं.

शेवटी गॅरेजवाल्या उस्तादांना बोलावलं. "गुरुजी, ताकद कशाला लावायलाव? गंज चढला की लोखंड फुगतंय. आट्यात जागाच न्हाई, निघंल कुठून?"

त्यांनी तुटक्या स्टडवर नवा नट ठेवला, आतून वेल्डिंग भरलं. नट लाल झाला. मग एक बिडी होईपर्यंत सगळं जागच्या जागी. निवल्यावर डिझेलचे चार थेंब सोडले, पाना लावला आणि चक्क आवळायच्या बाजूनं दाबला.

"अहो, उलटं!" मी ओरडलो.

"आधी आवळा. गंज फुटू द्या."

मग सूतभर मागं, थोडं पुढं, पुन्हा सूतभर मागं. तांबडी भुकटी गळत गळत स्टड बाहेर आला. पाईप कोपऱ्यात उभा होता. आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहायचं टाळलं.

तोवर घरची मंडळी काळी-पिवळीनं पंगतीला जाऊन आलीसुद्धा. माझ्या वाट्याची भाजी डब्यातून आली. इकडे उस्तादांनी नव्या स्टडवर पितळी नट बसवले.

"पितळ गंजत न्हाई, गुरुजी. पुढच्या बारीला हातानं फिरतील."

"म्हणजे आता काळजी नाही?"

उस्तादांनी गाडीच्या पत्र्यावर बोट टेकवलं. बोट आत गेलं.

"नटाची न्हाई."