काळी बोटं

"मंदा, अगं ए मंदा! त्या मिरच्या राहू देत वाळत, आधी इकडे कुंपणाशी ये. समोरच्यांच्या सुनेचे हात बघितलेस?"

"का हो काकू? मेंदी काढलीय?"

"मेंदी कसली! दाही बोटं काळीकुट्ट. काल रिक्षातून उतरली, तर पर्स कोपराला अडकवलेली. पोलिसांनी ठसे घेतलेत म्हणे. आमच्या वाड्यातल्या एकाचे असेच घेतले होते, तो पुढे दोन वर्षं आत होता."

"काकू, हळू! कॅनडाला चाललीत ती दोघं, कायमची. गेल्या 10 वर्षांत ज्या देशात सलग 6 महिने राहिलात, तिथला पोलिसांचा दाखला लागतो. ही शिकायला अमेरिकेत होती ना? मग तिथला दाखला एफबीआयचा."

"सिनेमातली एफबीआय?"

"तीच. 18 डॉलर फी आणि ठशांचं कार्ड."

"नावावरून नाही शोधता येत त्यांना?"

"एका नावाच्या शंभर निघतील. त्यात हिचं माहेरचं नाव वेगळं, सासरचं वेगळं. बोटं तेवढी तीच."

"मग अंगठा टेकवला की झालं."

"एवढं सोपं नाही ते. एकेक बोट नखाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत फिरवून उठवतात. खाली पुन्हा चार-चार बोटं एकत्र टेकवायची. वर बोटांची अदलाबदल झाली असेल तर तिथे पकडली जाते. रेघा पुसट आल्या की कार्ड परत! म्हणून तिनं जास्तीची कार्डं करून घेतलीत. बोटं झिजू नयेत म्हणून भांड्यांनाही हात लावत नव्हती."

"अस्सं! म्हणून सासू भांडी घासत होती होय? मला वाटलं, वाजलं दोघींचं. मी तर जोशीणबाईंना सांगूनही टाकलं."

"काकू!"

"असू दे गं. माझी बोटं बघ, जन्म गेला घासण्यात. रेशनच्या मशीनवर अंगठा टेकवते, तर ते म्हणतं ही बाई ती नव्हेच. मागे रांग, पुढे दुकानदार 'आजी, हात पुसा, जोरात दाबा' करतोय. पुसून पुसून पदर ओला, मशीन ढिम्म. पेन्शनचं मात्र बरं झालंय. हयातीचा दाखला आता चेहऱ्यावर होतो. नातवानं मोबाईल समोर धरला न् म्हणाला, 'आजी, डोळे मिचकाव.' या वयात डोळे मिचकावले, तेव्हा सरकारला पटलं मी जिवंत आहे ते!"

"आधारचे ठसे मात्र लॉक करून ठेवा हं. हवे तेव्हा उघडता येतात."

"माझा झिजलेला अंगठा कोण चोरतंय?"

"आधार बँकेला जोडलंय ना? अंगठ्यावर पैसे निघतात हल्ली."

"अगं बाई! आणलं कुणी हे ठशांचं खूळ?"

"आपल्याकडेच वाढलं ते. आमचा बंटी एमपीएससीसाठी घोकत असतो. 1897 साली कलकत्त्यात ठशांची कचेरी निघाली. ठशांची वर्गवारी बसवण्यात अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस यांनी डोकं झिजवलं, पण पद्धतीला नाव लागलं एडवर्ड हेन्री साहेबाचं."

"म्हणजे आमच्या महिला मंडळासारखंच. अनारसे मी तळायचे, फोटो अध्यक्षीणबाईंचा."

"बरं, तुमच्याकडे येणारे ती. पासपोर्टवर सासरचं नाव लावायचंय, अर्जात शेजारपाजारच्या दोघांची नावं द्यावी लागतात. एक तुमचं देणार म्हणाली."

"माझं? म्हणजे चौकशीला आला तर पोलीस मला विचारणार?"

"हो. आणि तुम्ही तर तिला आत घालून मोकळ्या झालात!"

"ते आपलं कुंपणावरचं, मंदा. पोलिसाला कशी सांगेन? पोरगी गुणाची आहे, मान खाली घालून येते-जाते, असंच सांगणार. सासूबद्दल विचारलं तर मात्र त्याला म्हणावं, खुर्ची घे, चहा टाकते."