ऑइल कुठलं टाकलंत?

टर्बो पेट्रोल गाडीच्या सर्व्हिसचं बिल एकदा नीट वाचून बघा. इंजिन ऑइलच्या ओळीत एचएसएन कोड असतो, २७१०. लिटर असतात, दर असतो, सवलत दिली असेल तर तीही असते. ९ टक्के सीजीएसटी आणि ९ टक्के एसजीएसटी वेगवेगळे दाखवलेले असतात. ऑइल फिल्टरचा लांबलचक पार्ट नंबर असतो, ड्रेन प्लगच्या वॉशरचाही असतो. ऑइलचं नाव मात्र नसतं, ग्रेडही नसतो. 'इंजिन ऑइल सिंथेटिक' एवढ्यावर भागवलेलं असतं. डॉक्टरांनी चिठ्ठीवर नुसतं 'गोळी' असं लिहून द्यावं, तसा हा प्रकार आहे. वर्षानुवर्षं तो बिनबोभाट चालू आहे, म्हणून ही तक्रार.

माझ्याकडे दोन लिटरची टर्बो पेट्रोल सेडान आहे. कंपनीचं नाव घेत नाही, कारण ज्या ज्या गाडीवाल्यांशी मी या विषयावर बोललो, त्यांतल्या बहुतेकांचा अनुभव हाच आहे. लोगो वेगळे, बिलातली ओळ तीच. गाडी सर्व्हिसला देताना अ‍ॅडव्हायझरला विचारावं, "ऑइल कुठलं टाकणार?" तर उत्तर येतं, "कंपनीचंच टाकतो सर." ग्रेड कुठला? "फुल सिंथेटिक आहे सर." हो, पण ग्रेड? मग तो आत जाऊन फ्लोअर इनचार्जला विचारून येतो आणि सांगतो, "पाच-तीस असेल." आहे की असेल, हे मला जॉब कार्डावर सही करण्याआधी कळायला हवं. आतल्या बाजूला ड्रम असतो, त्यातून मापाच्या जगमध्ये ऑइल काढतात आणि थेट इंजिनात ओततात. त्या ड्रमवरचं लेबल वाचायला म्हणून आत जाऊ लागलो, तर सुरक्षेच्या नियमांची पाटी दाखवतात. नियम मला मान्य आहेत. मग लेबलाचा फोटो काढून बाहेर आणून दाखवा, एवढंच माझं म्हणणं असतं. त्यावर ते हसतात. यात हसण्यासारखं काय आहे, ते मला आजवर कोणी सांगितलेलं नाही.

टर्बोच्या गाडीत ऑइल ही किती गंभीर बाब आहे ते सांगतो. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर एक छोटं चाक फिरतं, त्याच दांड्यावर दुसऱ्या टोकाला दुसरं चाक असतं आणि ते हवा दाबून इंजिनात भरतं. जोर लावला की पेट्रोल गाडीत हा धूर ९०० अंश सेल्सिअसच्याही वर जातो. दांडा मिनिटाला दीड-दोन लाख फेऱ्या घेतो. बहुतेक टर्बोंमध्ये हा दांडा ऑइलच्या पातळ थरावर तरंगत फिरतो. धातू धातूला लागला की टर्बो संपला. हेच ऑइल तिथली उष्णताही वाहून नेतं. एक्सप्रेसवेवरून दामटत येऊन फूड मॉलसमोर गाडी झटकन बंद केली, की ऑइलचा प्रवाह थांबतो आणि बेअरिंगमध्ये अडकलेलं ऑइल तिथल्या उष्णतेनं जळून त्याचा कोळसा होतो. आता बऱ्याच गाड्यांत इंजिन बंद झाल्यावरही टर्बोभोवती पाणी फिरवणारा इलेक्ट्रिक पंप असतो. त्यानं पुष्कळ फरक पडलाय. तरी ऑइल हलक्या प्रतीचं असेल तर काजळी धरतेच. टर्बो बदलायचा खर्च कुठल्याही गाडीवाल्याला विचारा, आणि मग ग्रेड विचारणाऱ्या माणसाला हसायचं का ते ठरवा.

सर्व्हिस सेंटरमध्ये उत्तर मिळत नाही म्हणून माणूस स्पेअर पार्टच्या दुकानात जातो. तिथे उत्तर लगेच मिळतं आणि तीच तिथली अडचण आहे. काउंटरवरच्या माणसानं 'टर्बो' हा शब्द ऐकला की त्याचा हात डिझेलच्या डब्याकडे जातो. आपल्याकडे टर्बो म्हणजे डिझेल, हे समीकरण इतकं पक्कं आहे की "पेट्रोल, टर्बो पेट्रोल" असं दोनदा सांगावं लागतं. मग तो विचारतो, "गाडी घाटात चालते का?" चालते, ताम्हिणीत आणि खंबाटकीत नेहमी चालते. "मग वीस-पन्नास टाका. आपल्याकडची गरमी बघता पातळ ऑइल टिकत नाही." शेजारी उभा असलेला गिऱ्हाईकही मान हलवतो. त्याच्या भावाच्या गाडीत वीस-पन्नासच आहे आणि गाडी मक्खन चालते. भावाची गाडी कोणती, हे विचारलं तर ती वीस वर्षांपूर्वीची साधी पेट्रोल हॅचबॅक निघते. टर्बो तिनं पाहिलेला नाही.

बाहेरच्या गरमीचा आणि ऑइलच्या जाडीचा संबंध लोक समजतात तितका सरळ नाही. नागपुरात ४५ अंश असोत की महाबळेश्वरात ८, थर्मोस्टॅट इंजिनातलं पाणी ठरावीक तापमानाच्या आसपासच ठेवतो आणि ऑइल साधारण शंभर अंशांपाशी काम करतं. घाटात जोर लावला तर ते आणखी चढतं, हे खरं. पण नेहमीचं काम शंभरापाशी, म्हणूनच ग्रेडमधला दुसरा आकडा १०० अंशांवर मोजतात. 'एसएई जे३००' या मानकात ३० म्हणजे ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक, ४० म्हणजे १२.५ ते १६.३. पाच-तीस म्हणजे डब्यावरचं ५डब्ल्यू-३०; त्यात डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीतल्या प्रवाहीपणाचा. ५डब्ल्यूची चाचणी उणे ३० अंशांवर होते, ०डब्ल्यूची उणे ३५ वर. पुण्यात उणे तापमान होत नाही हे मलाही माहीत आहे, पण सकाळी गाडी चालू केल्यावर पहिल्या काही सेकंदांत ऑइल वर टर्बोपर्यंत किती लवकर पोचतं, हा प्रश्न पुण्यातही उरतोच. वीस-पन्नास तिथे रेंगाळतं.

आता मुख्य दुखणं. ५डब्ल्यू-३० लिहिलेले दोन डबे शेजारी शेजारी ठेवा. ती दोन वेगळी ऑइलं असू शकतात. जाडीची आणखी एक चाचणी असते, १५० अंशांवर आणि जोराच्या घर्षणाखाली. बेअरिंगमध्ये, पिस्टनच्या रिंगपाशी ऑइलचा थर टिकतो की फाटतो, ते या चाचणीत दिसतं. एका ५डब्ल्यू-३० ला तिथे २.९ मिलिपास्कल-सेकंद पुरतात. दुसऱ्याला, म्हणजे युरोपातल्या 'एसीईए सी३' वर्गातल्याला, ३.५ लागतात. डब्याच्या पुढच्या बाजूला दोन्हींवर तेच ५डब्ल्यू-३०, तीच पळणारी लाल गाडी, तेच 'फुल सिंथेटिक'. फरक मागच्या बाजूला, बारीक अक्षरांत असतो. गाडी जोरात चालवणाऱ्यानं डबा उलटा करून तिथूनच वाचायला सुरुवात केली पाहिजे.

'सिंथेटिक' या शब्दावर विसंबण्यात तर काही अर्थच उरलेला नाही. मोबिलनं कॅस्ट्रॉलच्या जाहिरातीला आक्षेप घेतला होता. खनिज तेलावरच प्रक्रिया करून बनवलेल्या, तिसऱ्या गटातल्या बेस ऑइलला सिंथेटिक म्हणता येईल का, असा तो वाद. १९९९ साली अमेरिकेतल्या जाहिरातींवर देखरेख ठेवणाऱ्या मंडळानं निर्णय कॅस्ट्रॉलच्या बाजूनं दिला. तेव्हापासून हा शब्द फार ढिला झाला. तिसऱ्या गटाचं ऑइल वाईट असतं असं मी म्हणत नाही. आजची बरीच उत्तम ऑइलं त्याच गटातली आहेत. पण अ‍ॅडव्हायझर 'फुल सिंथेटिक आहे सर' म्हणतो तेव्हा त्यानं मला काहीही सांगितलेलं नसतं.

सांगायला हवी ती कारखान्याची मंजुरी. फोक्सवॅगन गटाची ५०२ ००, ५०४ ००, ५०८ ००; मर्सिडीजची २२९.५, बीएमडब्ल्यूची लाँगलाइफ-०१, पोर्शची ए४०. या मंजुऱ्या म्हणजे त्या त्या कंपनीनं आपल्या इंजिनांसाठी आखलेल्या परीक्षा. त्यातही एक खोच आहे. काही डब्यांवर लिहिलेलं असतं की अमुक मंजुरी मिळालेली आहे. काहींवर असतं की हे ऑइल अमुक मंजुरीच्या गरजा पूर्ण करतं, किंवा अमुक गाड्यांसाठी सुचवलं जातं. पहिल्यात ऑइल परीक्षेला बसून पास झालेलं असतं आणि गाडीच्या कंपनीच्या यादीत त्याचं नाव असतं. बाकीच्या दोन्हींत हे ऑइल बनवणाऱ्याचं स्वतःचं म्हणणं असतं. म्हणणं खरं असेलही. दुकानदाराला हा फरक दाखवला तर तो म्हणतो, "एकच असतं हो ते." एकच नसतं.

एकाच इंजिनाला दोन गाड्यांत दोन ऑइलं लागतात, हेही लोकांना पटत नाही. फोर्डचं २.३ लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन घ्या. मस्टँगमध्ये त्याला ५डब्ल्यू-३० सांगितलं होतं आणि २०१६ च्या फोकस आरएसमध्ये ५डब्ल्यू-५०. कारण आरएस ट्रॅकवर पळवली जाणार हे कारखान्यानं धरलेलं होतं. उलट बाजूनं ०डब्ल्यू-२० इतकं पातळ ऑइल आलं, त्यामागे इंधन वाचवण्याचा आणि कार्बन उत्सर्जनाच्या नियमांचा मोठा वाटा आहे. ज्या इंजिनाची बेअरिंगं आणि ऑइल पंप त्या ऑइलसाठीच बेतलेले आहेत, त्याला ते पुरतं. जुन्या मानकाच्या इंजिनात ते ओतणं हा गुन्हा आहे. म्हणून मॅन्युअलमध्ये आपल्या इंजिन कोडसमोर आणि आपल्या देशासमोर काय लिहिलंय, ते बघावं. ग्लोव्ह बॉक्समध्ये प्लॅस्टिकच्या पाकिटात हे पुस्तक पडून असतं. पाकीट फोडायला हरकत नसते.

एक गोष्ट तर मला काउंटरवरच बसून समजावून सांगावीशी वाटते. डायरेक्ट इंजेक्शनच्या टर्बो इंजिनाला कमी फेऱ्यांत जास्त जोर लावला, म्हणजे पाचव्या गिअरमध्ये दीड हजार आरपीएमला अ‍ॅक्सिलरेटर दाबला, तर पिस्टनच्या रिंगपाशी साठलेला ऑइल-पेट्रोलचा थेंब ठिणगी पडायच्या आधीच पेट घेऊ शकतो. त्या दणक्यानं पिस्टनच्या कडा तुटतात. ऑइलमधल्या कॅल्शियमच्या डिटर्जंटचं प्रमाण जास्त असेल तर हा धोका वाढतो. मॅग्नेशियमकडे वळलं की कमी होतो. यासाठी अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटनं, म्हणजे एपीआयनं, २०१८ मध्ये 'एसएन प्लस' हा वर्ग आणला, मे २०२० मध्ये 'एसपी'. एसपीमध्ये टायमिंग चेनच्या झिजेचीही चाचणी आली. २०२५ पासून 'एसक्यू' आहे. आणि आपल्या दुकानात काय मिळतं? नुसतं 'एसएन' लिहिलेला डबा, झाकणावर धूळ, आणि वर "हा माल जास्त खपतो" ही शिफारस. डिझेलचं ऑइल खपवणाऱ्यांनी तर ही गोष्ट दोनदा ऐकावी, कारण त्यात डिटर्जंटचा डोस बहुधा जास्तच असतो.

बारीकसारीक त्रास आणखी आहेत. डिपस्टिकवर वरच्या खुणेच्या पुढे ऑइल भरून देतात आणि "थोडं जास्त असलेलं बरं" म्हणतात. क्रँकनं घुसळून त्याचा फेस होतो आणि फेसावर बेअरिंग चालत नाही. काचेवर पुढच्या सर्व्हिसचं स्टिकर चिकटवतात, त्यावर तारीख, किलोमीटर आणि सर्व्हिस सेंटरचा फोन नंबर असतो, ऑइलचा ग्रेड नसतो. न विचारता एस्टिमेटमध्ये 'इंजिन फ्लश' आणि 'इंजिन ट्रीटमेंट' घातलेलं असतं. मान्यताप्राप्त ऑइलमध्ये लागणारी रसायनं मोजून घातलेली असतात, त्यात वरून बाटली ओतून कुणाचं भलं होत नाही.

ऑइल किती किलोमीटरला बदलायचं, ते गणित मात्र थोडक्यात सांगतो. पुस्तकातले १५,००० किलोमीटर हिंजवडीच्या ट्रॅफिकच्या रांगेत रोज उभ्या राहणाऱ्या गाडीसाठी जास्त आहेत. चाकं थांबलेली असतात, इंजिन चालूच असतं, आणि डायरेक्ट इंजेक्शनमध्ये पेट्रोल ऑइलमध्ये मिसळून ते पातळ करतं. आठ हजारांच्या आसपास बदलावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

राहिला बनावट मालाचा प्रश्न. नामांकित कंपनीचा रिकामा डबा भंगारात विकला जातो आणि भरून परत येतो. त्यामुळे स्वतः ऑइल विकत घेऊन गॅरेजमध्ये नेणाऱ्यांनी सील डोळ्यांसमोर फोडायला लावावं, आणि काम झाल्यावर डब्याला खिळ्यानं भोक पाडूनच तो टाकावा. गॅरेजवाला डबा मागतो. देऊ नये.

सर्व्हिस सेंटरच्या व्यवस्थापकांना विनंती एवढीच आहे की बिलावरच्या त्या ओळीत चार गोष्टी छापा: ऑइलचं नाव, ग्रेड, एपीआय किंवा एसीईए वर्ग, आणि कारखान्याची मंजुरी. जागा कमी पडत असेल तर एचएसएन कोडचं अक्षर थोडं लहान करा. आणि गाडीवाल्यांनो, तोवर जॉब कार्डावर सही करण्याआधी या चारही गोष्टी पेनानं लिहून घ्या. न लिहिता ऑइल बदलू देऊ नका.