राहूच्या नावावर जात खपवू नका

मुलीने स्वतः पसंत केलेल्या मुलाचं नाव घरात सांगितलं आणि तो जातीबाहेरचा निघाला, की बुलढाणा जिल्ह्यातल्या आमच्या सुलतानपुरात काय नि मेहकर-लोणारात काय, पहिली धाव पत्रिकेकडे. सप्तमात राहू सापडतो. राहू नसला तर शनी. तोही नसला तर एक नाडी. मग घरातली मोठी माणसं सुटकेचा निःश्वास टाकतात, कारण आता नकार त्यांना द्यावा लागत नाही. तो ग्रहांच्या तोंडून आलेला असतो.

माझं म्हणणं सरळ आहे. नकार जातीचा असेल तर जातीचं नाव घेऊन द्या. पत्रिका तुमच्या मदतीला येत नाही.

गुणमिलनाचं कोष्टकच काढून बघा. एकूण गुण 36. नाडीला 8, भकूटाला 7, गणाला 6, ग्रहमैत्रीला 5, योनीला 4, तारेला 3, वश्याला 2. आणि वर्णाला 1. तोही घराण्यावरून नाही, चंद्राच्या राशीवरून. कर्क, वृश्चिक, मीन राशीचा तो विप्र; मिथुन, तूळ, कुंभेचा तो शूद्र. म्हणजे पाटलाच्या वाड्यात कुंभ राशीवर जन्मलेला पोरगा पंचांगाच्या हिशेबाने शूद्र, आणि गावकुसाबाहेर कर्क राशीवर जन्मलेली पोरगी विप्र. ज्या जातीपायी पोरीचा मोबाइल काढून घेता, तिचं कॉलेज बंद करता, त्या जातीला या कोष्टकात खणच नाही. 18 गुण जुळले की लग्न करायला हरकत नाही, असा याच कोष्टकाचा नियम आहे.

आता प्रेमविवाहाचे योग. पंचम स्थान प्रेमाचं, सप्तम जोडीदाराचं; दोन्हींचे स्वामी एकत्र आले की प्रेमविवाह. सप्तमात राहू किंवा शनी बसला की जोडीदार परजातीचा, परधर्माचा. नवमाशी किंवा द्वादशाशी संबंध आला की परमुलखातला. राहू हा मुळात ग्रहच नाही. चंद्राची वाट सूर्याच्या वाटेला छेदते तो बिंदू आहे. आकाशातून येऊन या तालुक्यात खरोखर काही घडवलं असेल तर ते लोणारच्या अशनीने. तिच्या आघाताने पडलेलं विवर सुलतानपूरहून जवळच आहे, काठावर उभं राहून बघता येतं.

तरीही राहूचा हिशेब करूच. लग्नरास साधारण दर दोन तासांनी बदलते, बाराही राशी एका दिवसात फिरून जातात. तेव्हा ढोबळमानाने दर बारा मुलांत एकाच्या सप्तमात राहू असायचाच, आणखी एकाच्या शनी. योग खरे असते तर सहातलं किमान एक लग्न जातीबाहेर व्हायला हवं होतं. 2011-12च्या भारत मानव विकास सर्वेक्षणात आंतरजातीय लग्नं निघाली शंभरात पाचच्या आसपास. बाकीचे राहू कुणी अडवले? भावकीने. आणि भावकी कुठल्याच स्थानात बसत नाही.

मंगळाचंही तेच. 1, 4, 7, 8, 12 यांपैकी कुठल्याही स्थानी तो असला की दोष. बारातली पाच घरं त्याने व्यापली. 27 नक्षत्रं तीन नाड्यांत वाटलेली, त्यामुळे तीन जोडप्यांत एकाची नाडी एक निघणारच. हरकत शोधायचीच ठरवली तर मिळते. पुरुष ती कशी वापरतात हे 2023मध्ये देशाने पाहिलं. लग्नाचं वचन देऊन अत्याचार केल्याच्या खटल्यात आरोपीच्या बाजूने सांगण्यात आलं, की मुलीला मंगळ आहे. अलाहाबाद उच्च न्यायालयाने लखनौ विद्यापीठाच्या ज्योतिष विभागाला तिची पत्रिका तपासायला सांगितलं! 3 जूनला सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून त्या आदेशाला स्थगिती दिली. अत्याचाराची तक्रार घेऊन गेलेल्या बाईचा मंगळ तपासायचा, ही कल्पना सुचतेच कशी, याची मला आजही चीड येते.

आणि हीच पत्रिका केव्हा गुंडाळून ठेवतात, तेही बघा. बुलढाणा जिल्ह्यात 2011च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे मुली नऊशेही नव्हत्या. शेती करणारा पोरगा पस्तिशीला टेकतो, मुलगी मिळत नाही. मग मध्यस्थाला पैसे मोजून परराज्यातून मुलगी आणली जाते. तिला मराठी येत नाही, इथली भाकर थापता येत नाही, तिची जन्मवेळ कुणाला ठाऊक नसते. तिचं गोत्र कुणी विचारत नाही, नाडी कुणी बघत नाही. तिची सासू बहुधा 1 जूनला जन्मलेली, म्हणजे शाळेत मास्तरांनी टाकलेल्या तारखेची. तिचंही लग्न पत्रिकेविना, नावरसावर म्हणजे नावाच्या अक्षरावरच जमलेलं. परमुलखातली बायको घरात चालते, फक्त ती आपल्या मुलासाठी आपण आणलेली हवी. मुलीने स्वतः निवडलेला शेजारच्या गल्लीतला मुलगा मात्र चालत नाही, कारण राहू.

पत्रिकेविना लग्न लावणं या मुलखाला नवं नाही. सत्यशोधक समाजाने 1873मध्येच भटजीशिवाय लग्न लावून दाखवलं. इथून जवळच्या सिंदखेडराजात 12 जानेवारी 2005ला शिवधर्म जाहीर झाला. त्याच्या पद्धतीने होणाऱ्या शिवविवाहाला पंचांगातला मुहूर्त लागत नाही. तरी आजच्या बायोडेटात वर गणपती, खाली रास, गण, नाडी, देवक, मग शेती, आणि शेवटी ‘अपेक्षा : अनुरूप’. अनुरूप म्हणजे कोण, हे सगळ्यांना न सांगता कळतं.

ज्या पोरापोरींना हे ओझं फेकायचं आहे त्यांच्यासाठी 1954चा विशेष विवाह कायदा आहे. मुलगा 21चा, मुलगी 18ची हवी. अर्जाची नोटीस तीस दिवस कचेरीच्या फळ्यावर लागते, आणि खरा धोका त्या तीस दिवसांत असतो, कारण ती नोटीस वाचणारा कुणीतरी गावाकडचा निघतोच. 2018मध्ये शक्तिवाहिनी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अशा जोडप्यांना संरक्षण द्यायला पोलिसांना बजावलं आहे. ते मागायला लाजू नका. आणि मोठ्यांनो, लग्नाच्या वेळी तिथे तीन साक्षीदारांच्या सह्या लागतात. त्यातली एक घरच्या माणसाची असू द्या. मामा नको म्हणाला तर आत्याने करावी.